दोन हजार बारा नोंदी

१

रोज सकाळी पावणेदहाला मी सूचीकक्षाचं कुलूप काढायचे, खिडकी उघडायचे, टेबलावरून फडकं फिरवायचे आणि संगणक सुरू होईपर्यंत दोन पेन्सिलींना टोक काढून ठेवायचे. पेन्सिलीने लिहायचं काम कधीच संपलं होतं, पण सव्वीस वर्षांची सवय जाता जात नाही. सूचीकार म्हणजे पुस्तकाची ओळख लिहून ठेवणारी बाई. पुस्तकाचं नाव काय, कोणाचं, किती पानांचं, किती सेंटिमीटर उंच, पाठ धड आहे की नाही आणि ते कुठल्या कपाटात, कुठल्या खणात आहे. एवढं लिहिलं म्हणजे एक नोंद झाली.

माझी खोली तळमजल्यावर. एका कोपऱ्यात लोखंडी जिना होता, गोल फिरत खाली तळघरात उतरणारा. तळघराला बाहेरून दुसरं दार होतं, पण ते कित्येक वर्षांपूर्वी विटा लावून बंद केलेलं. म्हणजे खाली जायचं तर माझ्याच खोलीतून, माझ्या खुर्चीच्या मागून.

त्या वर्षी ग्रंथालयात नवी संगणक-प्रणाली आली. चौऱ्याऐंशी हजार जुन्या नोंदी तिच्यात भरायच्या होत्या. कंपनीच्या माणसांनी त्यांचं तयार यंत्र फिरवलं, बहुतेक नोंदी गेल्या आणि सहा हजार एकशे चाळीस परत आल्या. वाचता येत नाहीत म्हणून. ती सगळी पुस्तकं तळघरातली होती.

ग्रंथपाल साहेबांनी मला बोलावलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते चष्मा काढत तेव्हा बातमी वाईट असायची.

"बाई, ठराव झालाय. नोंद नाही ते पुस्तक नाही. तीस कामाचे दिवस दिलेत. त्यानंतर तळघर रिकामं करायचं."

"रिकामं करून पुस्तकं कुठे न्यायची?"

"कागदगिरणीत, लगद्याला."

मी म्हटलं, "साहेब, मी बघते." काय बघणार होते ते मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

२

माझा धाकटा भाऊ संगणकाच्या कामात आहे. संध्याकाळी त्याला फोन लावला. मी वाचून दाखवायला लागले तर तो हसायलाच लागला, कारण वाचण्यासारखं काही नव्हतंच. डोक्यावर टोप्या आणि टिंबं घातलेली परकी अक्षरं, मध्येच चौकोन, मध्येच तुटकी रेघ.

"ताई, अक्षर मेलेलं नाहीये," तो म्हणाला. "संगणकात अक्षर म्हणजे आकडा. लिहिणाऱ्याने एका तक्त्यावरून आकडे लिहिले, वाचणाऱ्याने दुसऱ्याच तक्त्यावरून वाचले. आणि वाचलेलं तसंच जतन केलं. कुठे कुठे दोनदा. गाठीवर गाठ बसलीय. उलट्या क्रमाने सोडवायची."

"कशाने सोडवू?"

"तीन रस्ते आहेत. तयार यंत्र तू पाहिलंसच. त्याला कळलं नाही की ते ठोकून देतं."

खरंच होतं. त्याने 'शेती'चं 'शोती' केलं होतं आणि हूं की चूं न करता पुढे गेलं होतं.

"दुसरा, फाइलीत 'शोधा आणि बदला' करत बसायचं. एक दुरुस्त करशील, तीन मोडतील. तिसरा, स्वतः छोटा प्रोग्राम लिहायचा."

"मी? या वयात?"

"चाळीस ओळींचा. मी ऑफिसात वापरतो ती भाषा वाऱ्यासारखी पळते, पण तुला घाई नाहीये, तुला खात्री हवीय. तू पायथन नावाची भाषा घे. चूक दिसली की ते जागच्या जागी थांबतं आणि ओरडतं, अमुक ओळीत अमुक घोटाळा आहे म्हणून."

"म्हणजे आमच्या बाइंडरबाईसारखं."

"अगदी! तेच घे."

बाइंडरबाई म्हणजे आमच्या ग्रंथालयात पुस्तकं बांधणाऱ्या. बोटांना कायम खळ लागलेली, आवाज असा की दोन मजले ऐकू जावा. एक पान उलटं लागलं तरी सगळी इमारत जागी करणार.

पाच दिवस मी शिकले. पहिल्या दिवशी प्रोग्राम एकोणीस वेळा ओरडला. सहाव्या दिवशी दुपारी एक वाजता पडद्यावर भराभर ओळी सरकायला लागल्या आणि त्या मराठी होत्या. 'घड्याळ दुरुस्तीचे पाठ'. 'विहिरी आणि त्यांची निगा'. 'आगबोटीवरील स्वयंपाकी: एक आत्मवृत्त'. चार हजार एकशे अठ्ठावीस नोंदी एका दुपारात सुटल्या. मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. बाइंडरबाई धावत आल्या.

"काय झालं? उंदीर?"

"उंदीर कसला! चार हजार पुस्तकं वाचली, बाई!"

३

राहिल्या दोन हजार बारा. त्यांत परकी अक्षरंही नव्हती. नुसती प्रश्नचिन्हं. रांगच्या रांग.

भावाने पाहिलं आणि त्याचा आवाज उतरला. "ताई, ही गेली. कोणीतरी मराठी मजकूर अशा प्रकारात जतन केला ज्यात मराठी मावतच नाही. प्रत्येक चिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह बसलं. खाली काही उरलेलंच नाही. याला कुठलीही भाषा, कुठलंही साधन चालणार नाही."

आकडे, मोकळ्या जागा आणि विरामचिन्हं तेवढी शाबूत होती, कारण ती सगळ्या तक्त्यांत सारखी असतात. म्हणजे पुस्तकाचा क्रमांक कळत होता, उंची कळत होती, पण नाव आणि जागा नाही. तळघरात पुस्तकं क्रमांकाने लावलेली नव्हतीच. एकेक पुस्तक हातात घेऊन, क्रमांक पाहून, नोंद नव्याने लिहायची, एवढाच उपाय. उरलेल्या चोवीस दिवसांत ते एका माणसाचं काम नव्हतं.

तरी मी कंबर कसली. प्रोग्राममध्ये बदल केला. प्रश्नचिन्हांची नोंद आली की तो थांबणार, 'इथे काय?' असं विचारणार आणि मी टंकलेलं उत्तर लिहून घेणार, वेळेसकट. नोंदींची छापील यादीही टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली. पहिली नोंद पडद्यावर उभी राहिली. 'इथे काय?' घड्याळात एक वाजला होता. म्हटलं, जेवून येऊ आणि मग खाली उतरू.

कुलूप लावून गेले. दोनला परतले.

पडद्यावर चाळिसावी नोंद उभी होती.

मला आधी वाटलं, प्रोग्राम बिघडला आणि नोंदी गाळून पुढे पळाला. उत्तरांची फाइल उघडली. एकोणचाळीस नोंदी भरलेल्या होत्या. नाव, लेखक, पानं, अवस्था, जागा. पहिलीत लिहिलं होतं: 'दोरखंड वळण्याची कला. उजवी भिंत, खांबामागे, खालून दुसरा खण, पाठ उंदराने खाल्लेली'.

मी त्या नोंदीतली प्रश्नचिन्हं मोजली. मग उत्तरातली चिन्हं मोजली. काना, मात्रा, जोडाक्षराचा पाय, सगळं धरून. एकाचाही फरक नव्हता.

लोखंडी जिना उतरून खांबामागे गेले, खाली बसले, दुसऱ्या खणात हात घातला. 'दोरखंड वळण्याची कला'. पाठ उंदराने खाल्लेली.

४

माणसाचं डोकं आधी माणसाकडे जातं. कोणीतरी दुसरी किल्ली केलीय, मला मदत करतंय किंवा माझी चेष्टा करतंय. भावालाही तेच वाटलं.

"ताई, खाली कोणी राहत तर नाही ना?"

बाइंडरबाईंना घेऊन तळघर पालथं घातलं. प्रत्येक कपाटामागे टॉर्च मारला. विटांचं दार जसंच्या तसं. जमिनीवर बोटभर धूळ आणि तिच्यात फक्त आमच्या दोघींची पावलं.

"माझी चाहूल लागली की कोण थांबतंय इथे," बाई मोठ्याने म्हणाल्या. आपलाच आवाज ऐकून त्यांना धीर येत असावा.

दुसऱ्या दिवशी मी खुर्चीत बसून राहिले. 'इथे काय?' पडद्यावर तसंच. एक तास गेला, काही नाही. मग बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं. बाइंडरबाई त्यांचं स्टूल आणि शिवायची पुस्तकं घेऊन दारासमोरच बसल्या. मी दाराला कान लावला.

आधी काहीच नाही. मग जिना करकरला. गोल जिन्याला सतरा पायऱ्या, सतरा करकरी. खाली उतरतानाच्या. मग शांतता. मग त्याच सतरा पायऱ्या वर. आणि मग कळांचा आवाज. माझा कळफलक मऊ आहे, त्याचा आवाज शेजारी बसलेल्यालाही येत नाही. हा आवाज जुन्या, उंच, टणक कळांचा होता. ठाक, ठाक, ठाक. एकसारखा, चूक न करणारा. मग पुन्हा जिना.

बाइंडरबाईंची सुई हवेत थांबली होती. "ऐकताय ना?" त्या कुजबुजल्या. त्यांना कुजबुजता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

मला काय जाणवलं ते सांगते. भीती होतीच. पण भीतीच्या खाली आणखी काही होतं. आत जे काही होतं ते अंदाजाने लिहीत नव्हतं. प्रत्येक पुस्तकासाठी खाली जात होतं, पाहत होतं, वर येऊन लिहीत होतं. चांगला सूचीकार असंच करतो. मी स्वतः कंटाळून कितीदा तरी वरच्या वर लिहिलं असेल.

मी दार उघडलं. खोली रिकामी. खुर्ची जिन्याकडे वळलेली. पडद्यावर शब्द अर्धवट तुटलेला: 'डावी भिंत, कोपऱ्यातल्या कपा'.

मी हळूच दार लावून घेतलं. थोड्या वेळाने कळा पुन्हा वाजायला लागल्या.

५

संध्याकाळी भरलेल्या नोंदी तपासताना एक गोष्ट डोळ्यांत खुपली. कोणत्याच नोंदीच्या शेवटी पूर्णविराम नव्हता.

माझ्या आधीचे सूचीकार पूर्णविरामासाठी प्रसिद्ध होते. नोंद संपली आणि पूर्णविराम नसला की ते चिठ्ठी परत पाठवत. सगळे त्यांना पूर्णविराम सर म्हणत, त्यांच्यासमोरसुद्धा. मी सोडवलेल्या चार हजार नोंदींत प्रत्येकीच्या शेवटी तो होता. या दोन हजार बारा नोंदींच्या मूळ फाइलीत, प्रश्नचिन्हांनंतर, कुठेच नव्हता. पूर्णविराम तर शाबूत राहणारं चिन्ह. म्हणजे या नोंदी सरांनी लिहिलेल्याच नव्हत्या. आणि त्या वर्षांत सूचीकक्षात दुसरं कोणी नव्हतं; मी तेव्हा वरच्या देवघेव विभागात पेन्सिलीने चिठ्ठ्या लिहीत होते.

सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. सर मुलीकडे राहतात. खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते, गुडघ्यांवर शाल, दृष्टी अधू झालेली. आवाजावरून ओळखलं मला.

"किती नोंदी उरल्यात म्हणालात?"

"दोन हजार बारा."

त्यांनी शाल सावरली. मग मुलीला म्हणाले, "बाळ, पाणी आण." ती आत गेल्यावर पुढे वाकले.

"मी जेवून यायचो तेव्हा काम पुढे गेलेलं असायचं. सुरुवातीला वाटलं, माझाच विसरभोळेपणा. मग कळलं. कळल्यावरही वर्षभर चालू दिलं. बरं वाटायचं हो. एवढं चोख काम माझ्याबरोबर दुसरं कोणी केलेलंच नव्हतं."

"मग?"

"मग एके दिवशी एक नोंद दिसली. नाव नव्हतं. उंची अक्षरांत लिहिलेली, एकशे सदुसष्ट सेंटिमीटर. पाठ वाकलेली, कडा झिजलेल्या, सुरुवातीची पानं गहाळ. त्याच आठवड्यात दवाखान्यात माझी उंची मोजली होती. एकशे सदुसष्ट."

मी पदर आवळून बसले होते.

"जागा भरली होती का त्यात?"

"नव्हती. 'तळघर' एवढंच होतं, पुढचं लिहायचं राहिलं होतं. जिन्यावर आवाज येत होता. मी ती सगळी फाइल मराठी मावत नाही अशा प्रकारात जतन केली. मुद्दाम. पाहता पाहता सगळी प्रश्नचिन्हं झाली. आणि परत त्या खोलीत पाय ठेवला नाही."

"पण सर, पुसूनच का नाही टाकलीत?"

त्यांनी माझ्या दिशेने पाहिलं, जरा दुखावल्यासारखं. "पुस्तकांच्या नोंदी होत्या त्या. खऱ्या होत्या. मी सूचीकार आहे, बाई. आंधळ्या केल्या. मारणं जमलं नाही."

मुलगी पाणी घेऊन आली. सर मोठ्याने म्हणाले, "काम थांबवू नका. पुस्तकं जायला नकोत." आणि पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरला.

६

रात्रभर विचार केला, पण खरं तर निर्णय झालेलाच होता. दोन हजार अकरा पुस्तकं वाचवायची आणि एक माणूसही. मी हिशेब मांडला की सरांची नोंद शेवटी लिहिली गेली, म्हणून फाइलीच्या शेवटी असणार. तिथे पोचण्याआधी प्रोग्राम बंद करायचा. झालं.

त्यानंतरचे दिवस मी कधी विसरणार नाही. रोज तीन तास दार बंद, बाहेर मी आणि बाइंडरबाई. शंभर, कधी एकशे वीस नोंदी. दुपारी आम्ही दोघी यादी घेऊन खाली उतरायचो आणि पुस्तकं तपासायचो. एकही चूक नाही. 'मुक्या जनावरांचे आजार', मागच्या रांगेत, सांगितलेल्या खणात. 'नाटकगृहातील दिवे', जिन्याखाली, म्हटलं होतं तसं कव्हर निघालेलं. बाइंडरबाई आता भीतीपेक्षा कौतुकाने बोलायच्या. "माणूस असता तर मी याला जेवायला बोलावलं असतं."

मी मात्र रोज संध्याकाळी त्या दिवशीच्या नोंदींत दोन आकडे शोधत असे; मूळ फाइलीत अक्षरी आकड्यांची प्रश्नचिन्हंच झाली होती. एकशे सदुसष्ट आणि एकशे बावन्न. दुसरी उंची माझी.

बाविसाव्या दिवशी सकाळी अकराला फोन वाजला. सरांची मुलगी.

"ताई, बाबांना काय झालंय कळत नाही. सकाळपासून चपला घालून दारात उभे आहेत. धरलं तर ढकलतात. म्हणतात, माझी जागा झाली, मला जागेवर जायचंय."

मी बाइंडरबाईंच्या हातातली यादी ओढून घेतली. फाइल लिहिण्याच्या क्रमाने नव्हतीच, ती पुस्तकांच्या क्रमांकाने लावलेली होती. हे मला माहीत होतं, रोज डोळ्यांसमोर होतं आणि तरी मी धरून चालले होते. सरांना मधलाच कुठला तरी रिकामा राहिलेला क्रमांक मिळाला होता.

दाराच्या आत कळा वाजत होत्या. मग थांबल्या. सतरा पायऱ्या खाली गेल्या.

"फोन चालू ठेवा," मी मुलीला म्हटलं. "आणि त्यांना सोडू नका."

७

मी आत गेले, यादी टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसले. पडद्यावर ती होती.

'उंची एकशे सदुसष्ट सें.मी., पाठ वाकलेली, कडा झिजलेल्या, सुरुवातीची पाने गहाळ, तळघर, शेवटचे कपाट, तळचा ख'

एक अक्षर लिहायचं राहिलं होतं. खाली काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. जागा केली जात होती.

प्रोग्राम बंद करायला माझा हात पुढे झाला आणि थांबला. बंद केला तर आज वाचले. उद्या? सरांनीही हेच केलं होतं, आणि ती नोंद इतकी वर्षं तशीच अर्धवट वाट पाहत राहिली होती. आणि उरलेली तीनशे बहात्तर पुस्तकं लगद्यात गेली असती. तेवढ्यात मला एक सुचलं, अगदी आमच्या धंद्यातलं. हे जे काही आहे ते अंदाजाने लिहीत नाही. बघून लिहितं. मग चुकीची नोंद दाखवून दिली तर ती मानायला हवी.

फोनमध्ये मुलगी ओरडत होती, "बाबा, थांबा ना!"

मी 'तळघर'पासून पुढचं सगळं खोडलं. दोनदा चुकले. मग लिहिलं: 'मुलीच्या घरी, खिडकीजवळची खुर्ची.' आणि शेवटी पूर्णविराम दिला.

जिना करकरला. वर येणारा. एक, दोन, पाच, नऊ. मी वळले नाही. सोळाव्या पायरीवर आवाज थांबला.

मी पडद्याकडे बघतच बोलले. नव्या कारकुनाशी बोलावं तसं बोलायचं ठरवलं होतं.

"ही नोंद चुकीची होती. मी दुरुस्त केलीय. ते त्या खणात नाहीत. खात्री नसेल तर खाली जाऊन बघा."

काही हललं नाही. मग पावलं उतरली.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. घड्याळाने नंतर अकरा मिनिटं सांगितली. खालून एकेक कपाट तपासल्याचे आवाज येत होते. पुस्तकं पुढे ओढायची, मागे हात घालायचा, परत लावायची. शेवटच्या कपाटापाशी सगळ्यात जास्त वेळ. आणि मग पायऱ्या. या वेळी सतराच्या सतरा.

माझ्या डाव्या बाजूने एक हात टेबलावर आला. मी पाहायचं नाही असं ठरवलं होतं आणि पाहिलं. करडा, धुळीचा हात, नखं स्वच्छ कापलेली. मनगट होतं. त्याच्या मागे, जिथे कोपर यायला हवं तिथे, आणखी एक मनगट होतं. आणि त्याच्या मागे आणखी एक. तो जिन्यापासून इथपर्यंत असाच आला होता. त्या पलीकडे माझी नजर गेली नाही, मी जाऊ दिली नाही.

हाताने माझी टोक काढलेली पेन्सिल उचलली. छापील यादीवर बोट फिरवत तो क्रमांक शोधला. त्याच्यापुढे बरोबरची खूण केली. नीट, लहानशी. पेन्सिल होती तिथे, होती तशीच ठेवली आणि मागे सरकला.

मी नोंद जतन केली.

फोनमध्ये आधी नुसती धाप ऐकू आली. मग मुलीचा आवाज, हसू आणि रडू एकत्र. "ताई, बसले. आपणहून खुर्चीत जाऊन बसले. चपला काढल्या. चहा मागतायत हो."

मी टेबलावर इतक्या जोरात मूठ आपटली की बाइंडरबाई दार ढकलून आत आल्या.

"जिंकलो, बाई!"

"कोणाला जिंकलो?"

"ते विचारू नका. चला बाहेर. दार लावा. त्याला पुढचं काम करू दे."

आम्ही दार लावलं. आत क्षणभर शांतता होती. मग कळा वाजायला लागल्या, आधीसारख्याच, एकसारख्या.

८

सत्ताविसाव्या दिवशी दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी शेवटची नोंद भरली गेली. त्यानंतर त्या खोलीत मी ती पावलं ऐकलेली नाहीत. मी संध्याकाळपर्यंत बसून उरलेल्या दोन हजार अकरा नोंदींना पूर्णविराम दिले. प्रोग्रामची एक ओळ पुरली असती. मला हाताने द्यायचे होते.

तपासणीच्या बैठकीला कंपनीचे इंजिनियर आले होते. नव्या प्रणालीत फाइल घातली आणि सगळे पडद्याकडे बघत राहिले. नाकारलेल्या नोंदी: शून्य. इंजिनियरनी खुर्ची पुढे ओढली.

"मॅडम, प्रश्नचिन्हं तर परत आणता येत नाहीत. कोणतं साधन वापरलंत?"

"चूक दिसली की थांबणारं," मी म्हटलं.

साहेबांनी चष्मा काढला नाही. उलट नाकावर नीट बसवला आणि ठरावाच्या कागदावर आडवी रेघ मारली. तळघर राहिलं. नुसतं राहिलं नाही, तिथे दिवे लागले, टेबलं आली आणि महिन्याभरात ते वाचकांसाठी उघडलं. भावाने फोनवर त्याच्या ऑफिसातल्या सगळ्यांना माझ्याशी बोलायला लावलं. "ही माझी ताई. हिने चाळीस ओळींत सहा हजार पुस्तकं वाचवली." मी त्याला एक नोंद कमी कर असं म्हणाले नाही.

उद्घाटनाला सर आले. मुलीच्या खांद्यावर एक हात, माझ्या हातात दुसरा. सतरा पायऱ्या त्यांनी स्वतःच्या पायांनी उतरल्या, प्रत्येक पायरी मोजत. खाली पंचवीसेक माणसं वाचत बसली होती. पानं उलटण्याचा आवाज सरांनी मान तिरकी करून बराच वेळ ऐकला. चेहरा उजळला होता त्यांचा.

मग म्हणाले, "शेवटच्या कपाटाशी न्या."

मी त्यांना नेलं. उद्घाटनाआधी सगळं तळघर झाडून घेतलं होतं, पण हे कपाट भिंतीच्या आत वळलेलं, तिथवर झाडू पोचलाच नव्हता. वरच्या सगळ्या खणांत पुस्तकं आणि पुस्तकांवर बोटभर धूळ. तळचा खण मोकळा होता. त्यातली पुस्तकं दोन्ही बाजूंना सरकवून मधोमध जागा केलेली. माणूस गुडघे दुमडून, मान खाली घालून बसला तर मावेल एवढी. त्या जागेत धुळीचा कण नव्हता. लाकूड पुसून चकचकीत केलेलं.

सरांना दिसत नव्हतं. त्यांनी वाकून आत हात घातला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जागा चाचपली, वरची फळी चाचपली. बोटं बाहेर काढून अंगठ्याने चोळून पाहिली, कोरडी आणि स्वच्छ. मला वाटलं आता ते कोसळणार. मी त्यांचा दंड घट्ट धरला.

ते हसले. मोठ्याने, पोटातून, एवढे की वाचणाऱ्यांनी माना वर केल्या.

"माप अगदी बरोबर घेतलंय," ते म्हणाले. मग ताठ उभे राहिले, जितकं राहता येतं तितकं. "दुसरं काहीतरी ठेवा इथे, बाई. आजच ठेवा. रिकामं ठेवू नका."

बाइंडरबाईंनी नव्याने बांधलेले नकाशांचे जाडजूड खंड वरून आणले. एकेक खंड मी सरांच्या हाती दिला आणि त्यांनी तो ठोकून आत बसवला. नऊ खंडांत ती जागा गच्च भरली. मग मी तिथेच जमिनीवर बसले, कागद गुडघ्यावर घेतला आणि मोठ्याने वाचत नऊ नोंदी लिहिल्या. सर उभ्या उभ्या ऐकत होते. शेवटची वाचून झाली तेव्हा त्यांनी हात पुढे केला, माझ्याकडून पेन्सिल घेतली आणि अंदाजाने नव्हे, माझं बोट नेमक्या जागी ठेवायला लावून, पूर्णविराम दिला.